गिअर बॉक्सचं ऑइल प्रेशर: मीटर बसवण्यापासून काटा वाचण्यापर्यंत

"मिस्त्री, गिअर पडतोय, पन बोट वढत नाय." हर्णैच्या एका तांडेलाचा (बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा) फोन होता. रेस दिली की आवाज चढतो, काळा धूर निघतो, बोट मात्र जेमतेम सरकते. मी पोचलो तोवर दुसऱ्या बोटीने तिला ओढून आणलं होतं. डिपस्टिक काढून नाकाशी धरली तर जळलेल्या ब्रेकचा वास. गिअर बॉक्समधल्या क्लचच्या प्लेटी गेल्या होत्या, ते तिथेच कळलं. तरी बॉक्स उघडायच्या आधी मी खलाशाला वर पाठवून कंट्रोलचा दांडा पुढे टाकायला लावला आणि खाली बॉक्सवरच्या लिव्हरकडे बघत बसलो. केबलचा क्लॅम्प सैल झाला होता. लिव्हर आपल्या खाचेत बसायच्या बोटभर अलीकडेच थांबत होता. वाल्व अर्धवट उघडा, प्रेशर कमी, प्लेटी घसरत राहिल्या आणि चार दिवसांत जळाल्या.

त्या बोटीच्या पॅनेलवर इंजिनचं ऑइल प्रेशर, पाण्याचं तापमान, आरपीएम, बॅटरी असे सगळे मीटर होते. गिअर बॉक्सच्या टेस्ट पोर्टवर (प्रेशर मोजायच्या भोकावर) मात्र नवीन बॉक्सबरोबर आलेला बोल्ट तसाच. काटा खाली आलेला पहिल्या दिवशी दिसला असता, तर एक पाना आणि पाच मिनिटं एवढ्यात काम होतं.

ट्रॉलर असो, प्रवासी लाँच असो की कुणाची हौसेची मोटरबोट, आत बसवलेलं डिझेल इंजिन आणि हायड्रोलिक गिअर बॉक्स असेल तर पुढचं सगळं लागू आहे. मीटर बसवायचा तर १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत बसवा. बोट वर असते, घाई नसते आणि बॉक्स थंड असतो.

आधी बॉक्स कुठला ते बघा

सगळ्याच बॉक्सना प्रेशर नसतं. आउटबोर्ड मोटरीत गिअर ऑइल नुसतं भरलेलं असतं, पंप नसतो. छोट्या डिझेलवरच्या काही बॉक्समध्येही कोन क्लच किंवा यांत्रिक प्लेट क्लच असतो. तिथे ऑइल फक्त वंगणाचं काम करतं. अशा बॉक्सवर मोजायला काही नाही. तिथे तापमान आणि ऑइलची पातळी बघा, मीटरचे पैसे वाचवा.

हायड्रोलिक बॉक्समध्ये इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टवर एक पंप असतो. तो तळातलं ऑइल जाळीतून ओढतो आणि कंट्रोल वाल्वकडे ढकलतो. तुम्ही गिअर टाकला की ऑइल त्या बाजूच्या क्लचच्या पिस्टनमागे जातं आणि पिस्टन प्लेटी एकमेकींवर दाबतो. जास्तीचं ऑइल रेग्युलेटर वाल्व सोडून देतो. बहुतेक रचनांत ते कूलरमधून फिरून कमी प्रेशरने बेअरिंग आणि दातांच्या वंगणाला जातं. म्हणजे प्रेशर हीच प्लेटींवरची पकड. हिशेब सोपा आहे. पिस्टनचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर धरा. २० किलो प्रेशरला प्लेटींवर दोन टन दाब पडतो, १२ किलोला एक टन दोनशे किलो. इंजिन मात्र तेवढ्याच जोराने फिरवतंय. प्लेटी घसरल्या की तापतात, तापल्या की चकाकतात, चकाकल्या की आणखी घसरतात.

आता 'किलो' म्हणजे काय, ते एकदा पक्कं करू. आपल्याकडे मिस्त्री 'वीस किलो प्रेशर' म्हणतो ते चौरस सेंटिमीटरला किलो. बार आणि किलो जवळजवळ सारखेच, दोन टक्क्यांचा फरक. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय आणि १ मेगापास्कल म्हणजे १० बार. चिनी बनावटीच्या बॉक्सच्या पुस्तकात मेगापास्कल असतं, अमेरिकन पुस्तकात पीएसआय. १.६ हा आकडा बघून "दीड किलोच लागतं" असं समजून निवांत बसलेला मालक मी पाहिलाय.

योग्य प्रेशर किती, याचं एकच उत्तर नाही. जुन्या हलक्या बॉक्समध्ये ते ७ ते १० बारच्या आसपास असतं, आजच्या बहुतेक मधल्या बॉक्समध्ये १५ ते २५ बारच्या दरम्यान. आपल्या बॉक्सच्या प्लेटवरचा मॉडेल नंबर टिपून त्याच मॉडेलचं पुस्तक मिळवा. शेजारच्या बोटीचा आकडा आपल्या बोटीला चालत नाही.

मीटर घेताना

इंजिनचा ऑइल मीटर साधारण ० ते १० बारचा असतो. तो इथे लावलात तर काटा शेवटाला आपटेल आणि सेंडर (प्रेशर मोजून वायरने मीटरला कळवणारा भाग) फाटेल. नेहमीचं प्रेशर मीटरच्या मधल्या भागात येईल अशी रेंज घ्या. २० बार चालणाऱ्या बॉक्सला ० ते ३० चांगला, ० ते ४० चालेल. ० ते १०० घेतलात तर दोन किलोची घट डोळ्यांना दिसणारच नाही, आणि नेमकं तेच तर बघायचं असतं.

माझी शिफारस दोन मीटरची. एक साधा, ग्लिसरीन भरलेला, नळीवरचा मीटर इंजिनरूममध्ये. त्याला वायर लागत नाही, खाऱ्या हवेतही टिकतो. दुसरा केबिनमध्ये तांडेलासमोर, विजेवरचा. एकाचं बजेट असेल तर आधी इंजिनरूमचा घ्या आणि पुढे सांगितलेला अलार्म स्विच जोडा.

विजेवरच्या मीटरमध्ये सेंडर आणि मीटर एकाच जातीचे हवेत. युरोपियन पद्धतीत शून्य प्रेशरला साधारण १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० ओहमच्या आसपास असतात. अमेरिकन पद्धत उलटी: शून्याला २४०, पूर्णला ३३. दोन्ही एकत्र केले तर काटा हलतो, पण खोटं बोलतो. शिवाय एका सेंडरवर दोन मीटर लावायचे असतील, एक खाली आणि एक वर, तर दुहेरी सेंडरच लागतो. साध्या सेंडरला दुसरा मीटर जोडला की दोन्ही मीटर चुकतात. ज्या बोटींवर एनएमईए २००० चं (बोटीवरची यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या केबलचं) जाळं आणि स्क्रीन आहे, तिथे गिअर बॉक्सचं प्रेशर आणि तापमान इंजिनाच्या आकड्यांशेजारी दाखवता येतं. सेंडर मात्र हाच लागतो.

बसवणं

सगळ्यात आधी टेस्ट पोर्ट शोधा. बॉक्सवर असे दोन-तीन बोल्ट असतात आणि इथेच पहिली चूक होते. एक पोर्ट क्लचच्या मुख्य प्रेशरचा, एक वंगणाच्या प्रेशरचा. वंगणाच्या पोर्टवर मीटर लावलात तर दोन-तीन किलो दिसेल आणि उगाच बॉक्स उघडाल. काही बॉक्सवर पुढच्या आणि रिव्हर्सच्या क्लचला वेगवेगळे पोर्टही असतात. पुस्तकातलं चित्र बघून बोटाने मोजून ठरवा, अंदाजाने नको.

इंजिन बंद, बॉक्स कोमट, मेन स्विच बंद. पोर्टभोवतीचा गंज आणि रंग तारेच्या ब्रशने साफ करा, मग फडक्याने पुसा. कॉटन वेस्ट वापरू नका. त्याचे धागे आत गेले की काय होतं ते पुढे येईलच.

बोल्ट काढला की आट्यांची जात तपासा. मेट्रिक, बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) यांत गल्लत करू नका. एक अष्टमांश इंची बीएसपीचे आटे इंचाला २८, एनपीटीचे २७. पहिले दोन-तीन आटे हाताने छान जातात, मग पाना लावला की बॉक्सचं अ‍ॅल्युमिनियम सोलून निघतं. हाताने अर्ध्याहून अधिक जात नसेल तर थांबा आणि जुना बोल्ट घेऊन हायड्रोलिक होजच्या दुकानात जा. तिथे थ्रेड गेज लावून दोन मिनिटांत सांगतात.

सेंडर थेट बॉक्सवर बसवू नका. इंजिनाच्या थरथरीने जड सेंडरची मान पोर्टपाशी तुटते आणि वीस किलोच्या प्रेशरने सगळं ऑइल बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात जातं. पोर्टवर लहान अडॅप्टर, त्याला दाबून बसवलेल्या फिटिंगची हायड्रोलिक होज, आणि भिंतीवर पक्क्या ब्रॅकेटवर एक टी. टीच्या एका तोंडाला मीटर, दुसऱ्याला सेंडर. प्रेशर स्विच लावायचा असेल तर टीऐवजी छोटा मॅनिफोल्ड (जास्त तोंडांचा ठोकळा) घ्या. होज नेहमीच्या प्रेशरच्या चौपट क्षमतेची असावी. तांब्याची नळी स्वस्त आणि दिसायला देखणी, पण थरथरून कडक होते आणि नटापाशी चिरते. मी ती वापरणं सोडलंय.

बॉक्सकडच्या अडॅप्टरला बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर असला तर दोन फायदे. काटा नाचत नाही, आणि कधी होज फुटलीच तर ऑइल धारेऐवजी बारीक पिचकारीने जातं, तेवढा वेळ मिळतो.

सील करायला सरळ आट्यांना डाउटी वॉशर (आत रबरी कड असलेला धातूचा वॉशर) किंवा कॉपर वॉशर. निमुळत्या आट्यांना थ्रेड सीलंट, तोही पहिला आटा सोडून. टेफ्लॉन टेप नको. तिची एखादी चिंधी वाल्वमध्ये अडकली तर नसलेला बिघाड तयार होतो. एका वायरचा सेंडर असेल तर त्याचं अर्थिंग बॉडीतूनच जातं; टेपने तेही तुटतं. आपण सेंडर होजवर भिंतीशी नेलाय, त्यामुळे अर्थिंगची वेगळी वायर सेंडरच्या बॉडीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत न्यावीच लागेल. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीवर दोन वायरींचा, बॉडीपासून अलग असलेला सेंडरच घ्या, नाहीतर गळता करंट बॉडी खातो. वायर टिन केलेली, जोड उष्णतेने आवळणाऱ्या स्लीव्हमध्ये, आणि मीटरच्या फीडला स्वतःचा छोटा फ्यूज.

इंजिन चालू केल्यावर पहिल्यांदा न्यूट्रलमध्ये ठेवून सगळे जोड बघा. गळती शोधायला हात फिरवू नका. या प्रेशरची बारीक पिचकारी कातडीत घुसू शकते. पुठ्ठा धरा, डाग पडला की कळेल. आणि शाफ्ट फिरत असताना लुंगीवर किंवा खांद्यावर टॉवेल टाकून खाली उतरणाऱ्याला बाहेर काढा, मग तो मालक का असेना.

अलार्म

मीटर कुणी बघत असेल तरच उपयोगाचा. जाळं ओढताना केबिनमधला माणूस बाहेर बघतो, म्हणून प्रेशर स्विच आणि भोंगा हवा. पुस्तकातल्या किमान प्रेशरच्या जरा वर सेट करा. पण एक अडचण येते: काही बॉक्समध्ये न्यूट्रलला प्रेशर मुद्दाम कमी राहतं, आणि गिअर टाकताना पिस्टन भरेपर्यंत ते क्षणभर खाली जातंच. थेट भोंगा जोडलात तर तो दर वेळी बोंबलतो, आणि तिसऱ्या दिवशी खलाशी त्याची वायर ओढून काढतो. यावर उपाय म्हणजे तीन ते पाच सेकंदांचा टाइम डिले रिले, आणि गरज असेल तर न्यूट्रल स्विचमधून अलार्मची लाइन तोडणं.

वही

हा भाग लोक टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात किमती हाच. बॉक्स धडधाकट असताना त्याचे आकडे लिहून ठेवा. बोट जेट्टीला पुढून-मागून दोन्हीकडे पक्की बांधा, किंवा शांत पाण्यात मोकळी चालवा. थंड ऑइलवर आयडलला न्यूट्रल, पुढचा आणि रिव्हर्स. मग तासभर नेहमीच्या भाराने चालवून तेच आकडे गरम ऑइलवर, शिवाय नेहमीच्या चालीच्या आरपीएमला. सोबत ऑइलचं तापमान. तापमानाशिवाय प्रेशरचा आकडा अर्धाच. गरम ऑइल पातळ होतं, पंपाच्या फटींतून जास्त मागे गळतं आणि प्रेशर उतरतं. म्हणून गरम ऑइल, आयडल आणि गिअर टाकलेला, ही सगळ्यात कठीण परीक्षा. पंप झिजायला लागला की तो पहिल्यांदा इथेच पकडला जातो. जास्त आरपीएमला रेग्युलेटर सगळं झाकून टाकतो.

माझ्या वहीतली एक बोट सांगतो. ऑगस्टमध्ये गरम आयडलला पुढच्या गिअरमध्ये १८ किलो, १६०० आरपीएमला २२. ऑक्टोबरमध्ये आयडलला १६, दिवाळीनंतर १४, आणि १६०० ला अजूनही २१. तांडेल म्हणाला, "बोट तर झकास चाललीय, मिस्त्री." खरंच चालली होती. सक्शनची जाळी काढली तर तिच्यावर काळ्या गाळात रुतलेले पांढरे धागे. डिपस्टिक दर वेळी कॉटन वेस्टने पुसत होते. जाळी रॉकेलने धुतली, ऑइल बदललं, काटा परत १८ वर.

काटा काय सांगतोय

दोन्ही गिअरमध्ये प्रेशर कमी असेल तर दोष दोघांना सामाईक जागी आहे. आधी ऑइलची पातळी. ती कशी बघायची तेही पुस्तकात वाचा: काही बॉक्समध्ये इंजिन बंद केल्याकेल्या, काहींत चालू ठेवून, काहींत डिपस्टिक न आवळता. मग जाळी आणि फिल्टर, मग सक्शनच्या बाजूची ओ-रिंग. इथवर सगळं ठीक असेल तरच रेग्युलेटर वाल्वचा अडकलेला पिस्टन किंवा बसलेली स्प्रिंग, आणि सगळ्यात शेवटी पंप. स्प्रिंगखाली वॉशर टाकून प्रेशर 'वाढवून' देणारे असतात. झिजलेल्या पंपावर तो मुलामा आहे, आणि थंड ऑइलवर तेच वॉशर सील फोडतात.

एकाच गिअरमध्ये कमी असेल तर पंप निर्दोष. त्या बाजूच्या पिस्टनचं सील किंवा शाफ्टवरच्या सीलिंग रिंगा गळतायत. पण पाने काढायच्या आधी केबल. बॉक्सकडची पिन काढा, लिव्हर हाताने पूर्ण खाचेत टाका आणि काटा बघा. प्रेशर आलं तर बॉक्स नीट आहे, केबल जुळवा. हर्णैच्या त्या बोटीनंतर मी ही तपासणी पहिलीच करतो.

काटा थरथरत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे. पातळी कमी आहे, किंवा जास्तही. फिरते दात ऑइल घुसळून फेस करतात. डिपस्टिकवर बुडबुडे दिसतील.

काटा शून्य, इंजिन सुरळीत, बोट ठप्प: इंजिन आणि बॉक्समधली डॅम्पर प्लेट तुटलेली असू शकते. बॉक्सचा इनपुट शाफ्टच फिरत नाही, मग पंप कुठून फिरणार? पण त्याआधी सेंडरची वायर बघा. युरोपियन सेंडरची वायर तुटली तर काटा पूर्ण वर जातो, बॉडीला लागली तर शून्यावर येतो. अमेरिकन सेंडरमध्ये बरोबर उलट. नळीवरचा मीटर असला की हा संशय एका नजरेत फिटतो.

काटा जागेवर, तरी बोट हलत नाही: शाफ्ट फिरतोय का ते बघा. फिरत असेल तर पंख्याची (प्रोपेलरची) चावी तुटलीय, पंखा गेलाय, किंवा पंख्याला जाळं-दोर गुंडाळलाय. शाफ्ट फिरत नसेल तर प्लेटी झिजून संपल्यात.

प्रेशर हळूहळू उतरतंय आणि तापमान चढतंय, ही जोडी दिसली की कूलर बघा. आपल्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात कूलरच्या नळ्या चिखलाने आणि शिंपल्यांच्या कचपटाने भरतात. कूलर आतून फुटला तर लक्षणं वेगळी: बोट चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त, त्यामुळे ऑइल बाहेर जातं आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. इंजिन बंद केल्यावर पाणी उलट आत शिरू शकतं, आणि सकाळी डिपस्टिकवर दुधाळ चहा. अशा ऑइलवर बंदराबाहेर पडू नका. कूलर बदला, बॉक्स दोन-तीनदा नव्या ऑइलने धुऊन काढा. कूलरमधलं झिंक (गंज स्वतःवर घेणारा तुकडा) दर हंगामात बदललं तर हा खर्च बहुधा टळतो.

ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच. कुठे एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल), कुठे ३० किंवा ४० नंबरचं एकाच ग्रेडचं इंजिन ऑइल. मल्टिग्रेड बऱ्याच कंपन्या चालवून घेत नाहीत.

समुद्रात असताना काटा पडला तर

आरपीएम आयडलला आणा, जाळं सोडा किंवा वर घ्या, भार काढा. पातळी बघा, कमी असेल तर ऑइल टाका. बोटीवर बॉक्सचं पूर्ण एक भरण असायलाच हवं. "बंदर जवळ आलंय, रेस देऊन काढू" हा विचार प्लेटींचा जीव घेतो. कमी भाराने, कमी आरपीएमला काटा किमानाच्या वर राहत असेल तर तसंच हळू या.

दुसऱ्या बोटीने ओढून न्यायचं ठरलं तर शाफ्ट बांधून ठेवा. ओढताना पाण्याने पंखा फिरतो, त्याच्याबरोबर बॉक्सचे दात, पण इंजिन बंद म्हणून पंप बंद आणि वंगण नाही. काही बॉक्स हे थोडा वेळ सहन करतात, काही नाही. साखळीने किंवा पाइप-पान्याने कपलिंग अडवा, आणि ते काढल्याशिवाय कुणी स्टार्टर मारू नये म्हणून चावी खिशात ठेवा.

अनेक बॉक्समध्ये शेवटचा उपाय असतो: पुढच्या क्लचच्या प्लेटी यांत्रिकपणे आवळणारे बोल्ट. बंदीच्या दिवसांत एकदा ते कुठे आहेत, कितीचा पाना लागतो, ते हाताने बघून ठेवा. उधाणात टॉर्च तोंडात धरून शोधायची वेळ येऊ नये. इंजिन बंद ठेवून, सगळे बोल्ट थोडे-थोडे करत सारखे आवळायचे. बॉक्समध्ये ऑइल हवंच. त्यानंतर न्यूट्रल उरत नाही, रिव्हर्सही नाही. रिव्हर्स टाकला तर दोन्ही क्लच एकमेकांशी भांडतील, म्हणून कंट्रोलचा दांडा दोरीने बांधून टाका. स्टार्टर मारला की बोट त्याच क्षणी पुढे निघते, तेव्हा नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) कुणी उभं नाही ना, पुढे होडी नाही ना, ते बघून चावी फिरवा. चाल अगदी हळू ठेवा. बंदराच्या तोंडाशी यायच्या आधी नांगर मोकळा करून माणूस उभा करा आणि जेट्टीपासून बरंच अलीकडे इंजिन बंद करा. बाकीचं अंतर बोट आपल्या वेगाने जाईल, नाहीतर दोर टाकून ओढून घ्या.